मुळाशी तेल लावू नये

३ नोव्हेंबर, दुपार
केस लावून झाले. अख्खी सकाळ पार्लरच्या खुर्चीत गेली. माझ्याच केसांची पातळ बट उचलायची, तिला वरून-खालून चिकट पट्टी लावायची, आणि त्या पट्टीला खांद्यापर्यंत लोंबणारे दुसऱ्याचे केस. अशा ओळीच्या ओळी. आरशात बघितलं. बराच वेळ बघितलं. आमच्या कॉलेजच्या ऑर्केस्ट्राच्या पोस्टरवर गिटार घेऊन उभा असलेला मी परत आलो होतो. चष्मा तेवढा जास्तीचा.

पार्लरवाली म्हणाली, सर, दोन दिवस डोक्याला पाणी लावू नका, आणि मुळाशी तेल तर कधीच नाही, पट्ट्या सुटतात. आणखीही पुष्कळ सांगितलं. मी लिहून घेतलं नाही. आयुष्य कॅमेऱ्यामागे गेलंय, एकदा पाहिलेलं-ऐकलेलं विसरत नाही.

२३ तारखेला ऑर्केस्ट्रा पुन्हा एकत्र वाजवणार आहे. मी लीड गिटार. कीबोर्डवालीही येणार आहे. ती आता डेंटिस्ट आहे. आणि एकटीच असते, असं ड्रमर सहज म्हणाला. मीही सहजच ऐकलं.

निश्चय: केसांचं कुणालाही कळू द्यायचं नाही. महिनाभर टोपी घालून हिंडतोय तो याचसाठी. लोकांना वाटेल, टोपीखाली वाढत होते.

४ नोव्हेंबर
झोप नाही. उशीवर डोकं टेकलं की पट्ट्या टोचतात. केस घासले जाऊ नयेत म्हणून उशीला सॅटिनचा अभ्रा हवा, असं पार्लरवाली म्हणाली होती. घरी सॅटिन कुठून असणार? स्टुडिओतला पासपोर्ट फोटोमागचा निळा पडदा आणला. कल्पकता म्हणतात ती हीच.

स्टुडिओत एक गिऱ्हाईक. फोटोत कपाळावर थोडे केस वाढवून द्याल का, म्हणाला. मी त्याला स्पष्ट सांगितलं की माणसाने जसं आहे तसं दिसावं, त्यातच व्यक्तिमत्त्व असतं. तो ओशाळून गेला. मागे पडदा नसल्यामुळे त्याचा फोटो काही काढता आला नाही.

६ नोव्हेंबर
पहिलं न्हाणं. नियम मला तोंडपाठ होते. सरळ उभं राहून धुवायचं, खाली वाकायचं नाही. शाम्पू सौम्य. चोळायचं नाही, नुसतं वरून खाली निथळू द्यायचं. कंडिशनर कानाच्या खालीच.

पण आमच्या शॉवरला धार नाही, नुसती लाळ गळते. म्हणून बादलीत डोकं बुडवलं. बुडवल्यावर चोळलं गेलंच, हाताला सवय असते. कंडिशनर उरला होता, तो वाया कशाला घालवा म्हणून वरही लावला.

नंतर विंचरणं. टोकापासून सुरुवात करून हळूहळू वर यायचं, मुळाशी दुसऱ्या हाताने धरून. मी वरून सुरुवात केली, कारण वरूनच दिसत होतं. मानेमागे अशी गाठ बसली की कंगवा आत गेला तो बाहेर येईना. तो तसाच ठेवून चहा केला. दुपारपर्यंत सुटली. स्टुडिओ उशिरा उघडला. दाराशी एक बाई चिठ्ठी अडकवून गेली होती की बंद करणार असाल तर तसं सांगा.

पहिल्या वेळी एवढं व्हायचंच. एकूण उत्तम.

८ नोव्हेंबर
ताईचा फोन. आईच्या डोळ्याच्या ऑपरेशनची तारीख अलीकडे आली. मोतीबिंदू. ताईची मुलगी बाळंतपणाला आलीय, तेव्हा आई माझ्याकडे राहील. मी म्हणालो, अगं, माझ्या प्रॅक्टिसचे दिवस आहेत. ताई म्हणाली, तुला प्रॅक्टिस आहे आणि तिला डोळा आहे, आता तूच ठरव.

मी ठरवलं. आई परवा येतेय.

एका परीने बरंच आहे. दुसरा डोळाही तिचा अधूच. केस काही दिसायचे नाहीत.

१० नोव्हेंबर
ऑपरेशन झालं. डोळ्यांचे डॉक्टर सज्जन. सूचना: डोक्यावरून पाणी घ्यायचं नाही, खाली वाकायचं नाही, डोळा चोळायचा नाही, रडायचं तर मुळीच नाही. ड्रॉप्स वेळच्या वेळी.

ऐकता ऐकता लक्षात आलं की आईचे आणि माझे नियम जवळजवळ सारखेच आहेत. आईला म्हणालो, काळजी करू नकोस, या बाबतीत माझा हात धरणारा कुणी नाही. ती म्हणाली, तू आधी रिक्षा बघ.

११ नोव्हेंबर, संध्याकाळ
आईचं म्हणणं, मी बाथरूममध्ये फार वेळ असतो. पोट बिघडलंय का? बिघडलंय म्हणालो. लगेच तिने मला माझ्यासाठी पातळ भात करायला लावला. खाल्ला.

पुढची गोष्ट लिहायला जड जातेय. संध्याकाळी डोळ्यावरची पट्टी उचलून तिच्या डोळ्यात ड्रॉप्स घालायला वाकलो होतो. तिने लहानपणी करायची तसा माझ्या डोक्यावरून हात फिरवला. मागे गेला आणि थांबला. बोटं एकेक पट्टी चाचपत ओळीने गेली. मग परत फिरली. मी थेंब पाडायचा विसरलो.

अगदी हळू आवाजात तिने विचारलं की हे टाके आहेत का. डोक्याचं ऑपरेशन झालं आणि मला कळवलंही नाहीस का.

मी अशा वेळी डगमगत नाही. म्हणालो, हो. किरकोळ होतं. तुला उगाच घोर नको म्हणून बोललो नाही.

याला प्रसंगावधान म्हणतात. केस वाचले. आई माझा हात धरून बसून राहिली. मला जरा कसंतरी झालं, पण ते पातळ भातामुळे असेल.

१२ नोव्हेंबर
ताईचा फोन. रडत होती. आधी आईशी बोलली होती. म्हणाली, एवढं होऊन बहिणीला सांगू नये? मी तिला गप्प करायला म्हणालो की रिपोर्ट चांगले आहेत. कसले रिपोर्ट म्हणाली. चांगले, म्हणालो.

ताईला सगळं खरं सांगून टाकावं असं एकदा मनात आलं होतं. पण ताईच्या पोटात काही राहत नाही.

१४ नोव्हेंबर
ताईच्या पोटात हेही राहिलं नाही. ड्रमरची बायको तिच्या ओळखीची निघाली.

प्रॅक्टिसला गेलो तर सगळे उभे राहिले. ड्रमर स्वतःचा घाम पुसायचा टॉवेल माझ्या खांद्यावर टाकून गहिवरला. म्हणाला, मोठ्या आवाजाचा तुला त्रास होईल, अँपच्या समोर उभं राहायचं नाही. मी म्हणालो, अरे, मी ठणठणीत आहे. तो सगळ्यांना म्हणाला, बघा, असा माणूस. माझ्या हातातली गिटार कुणीतरी काढून घेतली. पाणी दिलं. बेसवाल्याने पंखा माझ्याकडे वळवला, केस उडायला लागले, मी दोन्ही हातांनी डोकं दाबून धरलं. त्यावरून सगळ्यांची खात्रीच पटली.

ठरलं असं: लीड गिटार दुसरं कुणीतरी वाजवेल. मला पहिल्या रांगेत मधोमध खुर्ची. हातांची. उशी लावून.

मी रागावलेलो नाही. २३ पर्यंत झपाट्याने बरा होणार आहे.

१५ नोव्हेंबर
कीबोर्डवालीचा फोन. आपणहून. आवाज तोच, थोडा बसलेला. खूप आपुलकीने बोलली. म्हणाली, तिच्या भावाचंही असंच झालं होतं, पण तो खचला नाही, तूही खचू नकोस. मी खचणार नाही असं वचन दिलं. मग म्हणाली की तुझ्या जागी माझा मुलगा वाजवतोय, चालेल ना? त्याने तुझे सगळे पीस बसवलेत.

मी म्हणालो, आनंद आहे.

फोन ठेवल्यावर विचार केला. एवढ्या वर्षांनी तिने स्वतः फोन केला, म्हणजे प्रगतीच म्हणायची. मुलगा आहे हे मात्र ड्रमर सहजसुद्धा बोलला नव्हता.

१७ नोव्हेंबर, रविवार
सकाळी न्हाणं नंबर किती ते आठवत नाही. या वेळी सगळं नियमाने केलं. टॉवेलने दाबून पाणी टिपलं, मुळं ड्रायरच्या गार हवेवर वाळवली, टोकाकडून विंचरत वर आलो, झोपण्याआधी सैल वेणी घातली. वेणी घालायला आता मला आरसासुद्धा लागत नाही. एखादी गोष्ट मनावर घेतली की मी अशी हातात बसवतो.

दुपारी जरा डोळा लागला. स्वप्न फार छान होतं, कुणीतरी डोकं चेपून देतंय. जागा झालो तर आई उशाशी, हातात वाटी. कोमट तेल. पट्टीवर पट्टी चोळून झालेली. म्हणाली, टाके कोरडे पडलेत रे, हाताला लागतात. तेलाने मऊ होतील आणि लवकर भरून येतील.

डोळ्याला पट्टी बांधलेली असताना ती चाचपडत स्वयंपाकघरात गेली होती, तेल गरम केलं होतं. भाजलं असतं तर? मी ओरडणार होतो. पण तिचा चेहरा इतका समाधानी होता की ओरडणं राहून गेलं. बरं वाटलं, एवढंच म्हणालो. ती म्हणाली, उद्या परत लावू.

खरं म्हणजे बरं वाटलंच होतं.

१८ नोव्हेंबर
पट्ट्या सरकताहेत. पार्लरवालीला मेसेज केला: समजा, एखाद्याने चुकून थोडं तेल लावलं तर? तिचं उत्तर आलं: मग त्या एखाद्याला ताबडतोब घेऊन या.

वेळ नव्हता. स्टुडिओत एका बाईंचा फोटो काढत होतो. हनुवटी जरा वर करा म्हणून पुढे वाकलो, आणि एक बट सुटून त्यांच्या खांद्यावर पडली. त्या किंचाळल्या नाहीत. दोन बोटांनी उचलून माझ्या हातात दिली. म्हणाल्या, तुमची पडली. मी थँक्यू म्हणालो. फोटोत त्या थोड्या भेदरलेल्या आल्यात, पण पासपोर्टला चालतं.

परतताना आणखी दोन बटा गेल्या. एक बसमध्ये. दुसरी कुठे ते कळलं नाही.

निश्चय: घरात पूर्ण वेळ टोपी.

१९ नोव्हेंबर
टोपीचा उपयोग झाला नाही. सकाळी उठून चहा ठेवायला गेलो आणि परत आलो, तर आई माझ्या अंथरुणावर बसलेली. मांडीवर केसांचा अख्खा झुपका. उशी झटकताना हाताला लागला म्हणाली. तो ती पुन्हा पुन्हा कुरवाळत होती. आणि रडत होती. डोळ्यांच्या डॉक्टरांनी जे मुळीच करायचं नाही म्हणून बजावलं होतं, ते करत होती. पट्टी भिजली होती.

माझं धाबं दणाणलं. डोळा जातो की काय. त्या क्षणी मला ऑर्केस्ट्रा आठवला नाही, कीबोर्डवाली आठवली नाही. तिच्यासमोर खाली बसलो आणि सगळं सांगून टाकलं. ऑपरेशन झालं नाही, टाके नाहीत, हे विकतचे केस आहेत, चिकट पट्टीने लावले होते, तेलाने सुटले.

आईने शांतपणे ऐकलं. मग माझ्या गालावर हात ठेवला. म्हणाली, तू लहानपणापासून असाच. मला त्रास होऊ नये म्हणून काहीही सांगतोस.

मी शपथ घेतली. ती म्हणाली, माझ्यासाठी शपथाही खोट्या घ्यायला लागलास.

मग मी शक्कल लढवली. पार्लरवालीला फोन लावला, स्पीकरवर टाकला आणि म्हणालो, मॅडम, आईला जरा स्पष्ट सांगा. पुढे काही सांगणार तोच आई फोनवर वाकली. म्हणाली, बाई, लपवू नका, मी त्याची आई आहे. किती दिवस आहेत?

पार्लरवाली कामात असावी, मागे ड्रायर चालू होता. म्हणाली, आजी, नीट निगा राखली तर दोन महिने आरामात. पण तुम्ही तेल लावलं असेल तर मग मी काहीच सांगू शकत नाही.

यापुढे मला लिहवत नाही.

१९ नोव्हेंबर, थोड्या वेळाने
लिहितो. आई एकच वाक्य बोलतेय, की मीच लावलं, मीच लावलं. ताईला फोन करते म्हणाली. तिला नंबर दिसत नाही म्हणून माझ्याकडे फोन दिला आणि लावून दे म्हणाली. मी लावून दिला.

आयुष्यात इतका हतबल कधी झालो नव्हतो.

२० नोव्हेंबर
पार्लर उघडायच्या आधी दारात उभा. सगळं काढून टाका म्हणालो. तिने कसलंसं पातळ औषध लावून उरलेल्या पट्ट्या सोडवल्या. पट्ट्यांबरोबर माझेही बरेच गेले. जे होते त्यांच्यावर ताण पडला होता म्हणे. आता कडेने झालर आहे आणि मध्ये काही नाही. ती म्हणाली, सर, मी तुम्हाला सगळं नीट सांगितलं होतं. मी म्हणालो, माझ्या लक्षात आहे.

घरी जाऊन आईसमोर डोकं केलं. चाचप म्हणालो. तिने कानापासून कानापर्यंत चाचपलं. टाके लागले नाहीत. मला वाटलं, सुटलो. ती म्हणाली, सगळेच केस गेले का रे?

२२ नोव्हेंबर
आईच्या डोळ्याची पट्टी काढली. डोळा शाबूत आहे. रडून काही बिघडलं नाही. हे ऐकल्यावर दवाखान्यातल्या बाकड्यावर बसून मीच थोडा रडलो.

आईने डोळ्यांच्या डॉक्टरांना विनंती केली की जाता जाता माझ्या मुलाचं डोकंही बघा. तेही सज्जन माणूस, त्यांनी टॉर्च मारून बघितलं. कुठे कापलेलं नाही, टाका नाही. मग हे काय आहे, आईने विचारलं. डॉक्टर म्हणाले, टक्कल.

आईने माझ्याकडे पाहिलं. मग अशी हसली, अशी हसली, की नर्सने येऊन तिला डोळ्यावर ताण देऊ नका म्हणून दटावलं. रिक्षात बसल्यावरही मध्येच हसत होती. माझा हात मात्र सोडला नाही.

घरी आल्यावर तिला सगळंच दिसायला लागलं. भिंतीवरची जळमटं, गॅसमागचा तेलकट थर, माझ्या शर्टाची कॉलर. उशीला हे निळं काय घातलंयस म्हणून विचारलं.

ड्रमरला फोन केला. मी पूर्ण बरा झालोय, उद्या वाजवतो. तो म्हणाला, गड्या, तुझी जिद्द बघून भरून येतं, पण नको. खरं काय ते सांगायला तोंड उघडलं होतं. इतक्यात तो म्हणाला की तुझ्या खुर्चीला आम्ही फुलं लावतोय. मग मिटलं.

२३ नोव्हेंबर
गेलो. टोपी घालून निघालो होतो, आई म्हणाली, आत अंधारात कशाला. काढली. हॉलमध्ये शिरलो तर माझं डोकं पाहून लोक बाजूला होऊन वाट देत होते. ट्रीटमेंटमुळे गेले, असं मागून कुणीतरी हळूच म्हणालं.

पहिली रांग, मधोमध, फुलांची खुर्ची. शेजारी आई. निवेदकाने माझ्या झुंजीबद्दल सांगितलं. सगळा हॉल उभा राहून टाळ्या वाजवत होता. मी उठून हात हलवला. दुसरं काय करणार होतो? कीबोर्डवाली स्टेजवरून माझ्याकडे बघत डोळे पुसत होती. ती मात्र होती तशीच आहे, थोडी जाड.

मग गाणी सुरू झाली. लीड गिटारवर तिचा मुलगा. माझे पीस त्याने जागच्या जागी वाजवले. एक-दोन ठिकाणी मी अडखळायचो, तिथे तो अडखळला नाही. केस खांद्यापर्यंत. मान झटकली की एकदम मागे जायचे आणि पुन्हा पुढे यायचे. मी लक्ष देऊन बघत होतो. मुळापासून त्याचेच.

आईसुद्धा टक लावून बघत होती. ऑपरेशननंतर एवढ्या लांबचं ती पहिल्यांदाच बघत होती. गाणं संपल्यावर माझ्याकडे वाकली आणि म्हणाली, हा मुलगा कोण रे? तू अगदी असाच दिसायचास.

मग तिने माझ्याकडे नीट पाहिलं. नव्या डोळ्याने, बराच वेळ. फक्त माझ्या मांडीवर थोपटलं.

डोळ्यांच्या डॉक्टरांना उद्या कळवायला हवं. लांबचं आणि जवळचं, दोन्ही स्वच्छ दिसतंय.